मदत हवी आहे : कोळसा थांबला, तरी पोलाद डुइसबुर्गमध्येच का?

नमस्कार. उद्योगांचे स्थानिकीकरण शिकवताना मी जर्मनीतील ऱ्हूर खोऱ्याचे उदाहरण घेतो, कारण जुन्या झोतभट्ट्यांना (खनिजापासून लोखंड काढणाऱ्या भट्ट्यांना) खनिजापेक्षा कोळसाच अधिक लागत असल्याने कारखाने खाणींजवळ उभे राहिले आणि लोहखनिज मात्र स्वीडनसारख्या दूरच्या देशातून आणले गेले, हे तिथे स्वच्छ दिसते. जर्मन अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड वेबर यांनी १९०९ मध्ये मांडलेला वाहतूकखर्चाचा सिद्धान्तही (वाहतूकखर्च सर्वांत कमी पडेल तिथे कारखाना उभा राहतो) तिथे चपखल बसतो. परंतु ऱ्हूरमधील शेवटची दगडी कोळशाची खाण २०१८ मध्ये बंद झाल्यानंतरही तिथल्याच डुइसबुर्ग शहरात पोलाद तयार होतच राहिले. याचे मुख्य कारण ऱ्हाइन नदीवरील स्वस्त जलवाहतूक मानावे (माझा कल तिकडे आहे), की कुशल कामगार, जुनी गुंतवणूक आणि जवळचे ग्राहक? पोलाद किंवा बंदर क्षेत्रात काम केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.