पायरेनॉइड गेला की शेवाळाची उपासमार

रुबिस्को, म्हणजे कार्बन डायऑक्साइड पकडणारं एन्झाइम, व्यवस्थित काम करत असतानाही म्युटंट (जनुकात बदल झालेलं) शेवाळ खुरटं का राहतं, असा प्रश्न पडतो. क्लॅमिडोमोनास या एकपेशीय शेवाळावरचा 2012 सालचा प्रयोग बघा. रुबिस्कोच्या लहान उपघटकातली दोन हेलिक्स (प्रथिनाचे मळसूत्रासारखे भाग) बदलून तिथे पालकाची बसवली. एन्झाइमची क्षमता जवळजवळ शाबूत राहिली, पण पायरेनॉइड, म्हणजे हरितलवकातला रुबिस्कोचा दाट गोळा, गायब! साध्या हवेत वाढ रखडली, जादा कार्बन डायऑक्साइड दिला की तेच शेवाळ वाढतं.

रुबिस्कोचे रेणू एपिक1 हे प्रथिन बांधून ठेवतं, हे 2016 मध्ये कळलं. त्याची पकड नेमकी त्याच हेलिक्सांवर असते, हे 2020 मध्ये दिसलं. पकड सुटली की रुबिस्को हरितलवकभर पांगतो आणि पायरेनॉइडमध्ये पुरवला जाणारा कार्बन डायऑक्साइड त्याला पुरेसा मिळत नाही. त्यामुळे म्युटंट तपासताना नुसता एन्झाइमचा वेग मोजू नका, पेशी सूक्ष्मदर्शकाखाली जरूर बघा.