जुन्या डेस्कटॉपवर आणि विंडोज १० च्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट: सल्ला हवा आहे

परळकर:

नमस्कार. आमच्या घरी दोन संगणक आहेत आणि दोहोंचा निर्णय एकदमच घ्यावा लागणार आहे. पहिला वडिलांचा डेस्कटॉप: कोअर टू ड्युओ प्रोसेसर, जी३१ चिपसेटचा मदरबोर्ड, २ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क आणि अजूनही विंडोज ७. वडील आमच्या गृहनिर्माण संस्थेचे सचिव आहेत. सभांची इतिवृत्ते, सभासदांना द्यायच्या नोटिसा आणि पुनर्विकासाचा सगळा पत्रव्यवहार ते श्रीलिपी या मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टंकलिखित करतात; उरलेला वेळ वर्तमानपत्रे आणि यूट्यूबवरची जुनी नाट्यगीते. दुसरा आमचा लॅपटॉप: सहाव्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम, विंडोज १०. त्यावर पत्नी काही दुकानांचे हिशेब टॅलीमध्ये लिहिते. विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठीच्या अधिकृत यादीत हा प्रोसेसर बसत नाही.

नवशिक्यांसाठी लिनक्स मिंट (विंडोजऐवजी बसवता येणारी मोफत संगणकप्रणाली) सोपे आहे असे सगळीकडे वाचतो. माझी अडचण अशी, की आत्ता आहे ते काहीही पुसले न जाता ते आधी वापरून पाहता येईल का, त्याच्या तीन आवृत्त्यांपैकी कोणती निवडावी, आणि मुख्य म्हणजे वडिलांच्या मराठी टंकलेखनाचे व जुन्या फायलींचे काय होईल, हे मला नीट उमगलेले नाही. प्रिंटर एचपी लेसरजेट १०२० आहे.

घाटकोपर_पश्चिम:

वापरून पाहण्याची सोय मिंटमध्येच आहे. संकेतस्थळावरून आयएसओ फाइल, म्हणजे संपूर्ण प्रणाली एकत्र बांधलेली फाइल, उतरवून घ्या (ती सुमारे ३ जीबीची असते), विंडोजमध्ये रुफस किंवा बलेना एचरने ती ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवा, आणि संगणक त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करा. पेन ड्राइव्हवरचे आधीचे सर्व काही पुसले जाते, एवढे लक्षात असू द्या. संगणकाच्या हार्ड डिस्कवर मात्र, तुम्ही पडद्यावरचे ‘इन्स्टॉल’चे चिन्ह दाबून पुढे जात नाही तोपर्यंत, काहीही लिहिले जात नाही. उतरवलेल्या फाइलचा चेकसम (फाइलमध्ये बदल झालेला नाही हे ओळखण्याचा आकडा) संकेतस्थळावर दिलेल्या आकड्याशी ताडून पाहण्याचा कंटाळा करू नका. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्याच संकेतस्थळात घुसखोरी होऊन छेडछाड केलेली आयएसओ लोकांच्या हाती गेली होती.

या चाचणीत वेग पाहायचा नसतो. पेन ड्राइव्हवरून, त्यातही यूएसबी २.० च्या पोर्टातून चालणारी प्रणाली रेंगाळणारच. पाहायचे ते हे, की वायफाय जोडले जाते का, आवाज येतो का, पडद्याचे रिझोल्यूशन बरोबर आहे का, लॅपटॉप झाकल्यावर झोपतो आणि उघडल्यावर पुन्हा जागा होतो का. प्रिंटरचीही परीक्षा इथेच घ्या. १०२० हे मॉडेल चालू केल्यावर दर वेळी आपले फर्मवेअर (स्वतः चालण्यासाठी लागणारा प्रोग्राम) संगणकाकडून मागून घेते, त्यामुळे एचपीचा एचपीलिप हा ड्रायव्हर-संच मिंटमध्ये असला तरी त्याच्या जोडीला एक प्लगइन इंटरनेटवरून उतरवावे लागते. ते बसवले की हा प्रिंटर निमूटपणे चालतो.

आवृत्तीबद्दल: लॅपटॉपवर सिनॅमन, डेस्कटॉपवर तिच्याहून हलकी एक्सएफसीई. मिंट २२ ही मालिका उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्स प्रणालीवर आधारलेली असून तिला २०२९ पर्यंत सुरक्षा-अद्यतने मिळणार आहेत, तेव्हा एकदा बसवल्यावर बराच काळ निश्चिंती आहे.

लॅमिंग्टन_रोड:

वरच्या उत्तरातील शेवटच्या परिच्छेदाशी मी अर्धाच सहमत आहे. जुन्या यंत्रासाठी मिंटची कोणती आवृत्ती हलकी, यावर आपल्याकडे पानेच्या पाने चर्चा होते, पण सिनॅमनऐवजी एक्सएफसीई घेतल्याने वाचणारी काही शे एमबी रॅम ब्राउझरचे दोन-तीन टॅब उघडताच संपून जाते. मिंटची किमान अट २ जीबी असली तरी त्यांची शिफारस ४ जीबीची आहे, आणि २ जीबीवर आजचे वर्तमानपत्रांचे जाहिरातींनी लदलेले पान उघडले की प्रणाली रॅमऐवजी हार्ड डिस्कवरच्या स्वॅपचा, म्हणजे रॅमला पर्याय म्हणून राखलेल्या जागेचा, आधार घेऊ लागते. मग फिरत्या तबकडीची ती डिस्क खडखडत राहते, वडील पुन्हापुन्हा क्लिक करतात आणि दोष लिनक्सच्या माथी येतो.

म्हणून माझा क्रम असा: आधी एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क), मग रॅम, मग आवृत्तीचा विचार. या मदरबोर्डावरचे साटा पोर्ट (डिस्क जोडायच्या जागा) जुन्या, ३ गिगाबिट वेगाचे असल्यामुळे नव्या एसएसडीचा पूर्ण वेग मिळणार नाही, हे खरे. पण प्रणाली सुरू होणे किंवा प्रोग्राम उघडणे अशा कामांत डिस्कवर ठिकठिकाणी विखुरलेले लहान तुकडे वाचावे लागतात, आणि तिथे कोणतीही एसएसडी हार्ड डिस्कच्या फार पुढे असते. शिवाय जुनी डिस्क काढून विंडोज ७ सकट कपाटात ठेवून देता येते, म्हणजे परतीची वाट बुजत नाही. रॅमची मर्यादा मात्र पक्की आहे: जी३१ चिपसेट ४ जीबीच्या पुढे जात नाही. त्याला लागणारी डीडीआर२ रॅम नवीन मिळणे आता कठीण, पण ग्रँट रोड स्थानकाजवळ लॅमिंग्टन रोडवर जुन्या सुट्या भागांचा धंदा करणाऱ्यांकडे चौकशी करावी. जुनी कांडी घेताना ती दुकानातच लावून दाखवायला सांगावी, आणि हा आग्रह मुळीच सोडू नये.

कोअर टू ड्युओ ६४ बिटचा आहे, त्यामुळे त्या बाजूने तुम्हाला चिंता नाही. ज्यांच्याकडे निव्वळ ३२ बिटची जुनी ॲटम नेटबुक आहेत त्यांची वाट खरी बिकट झाली आहे. मिंटची, डेबियन या वेगळ्या लिनक्स प्रणालीवर आधारलेली एलएमडीई ही आवृत्तीसुद्धा सातव्या अंकापासून फक्त ६४ बिटचीच निघते.

राहिले यूट्यूब. ते आजकाल व्हिडिओ शक्यतो व्हीपी९ किंवा एव्ही१ स्वरूपात पाठवते, आणि ते उलगडण्याची सोय या काळातल्या ग्राफिक्समध्ये नसल्याने सगळा भार प्रोसेसरवर पडतो. एच.२६४ स्वरूपच मागून घेणारे ॲड-ऑन फायरफॉक्समध्ये बसवा आणि दर्जा ४८० च्या वर नेऊ नका. नाट्यगीते ऐकण्यासाठी तेवढे पुष्कळ झाले.

ऱ्हस्वदीर्घ:

यंत्राबद्दल वर पुरेसे आले आहे. वडिलांच्या बाबतीत मला मराठीचा प्रश्न अधिक मोठा वाटतो, कारण नव्या रॅमने तो सुटणार नाही.

श्रीलिपी हे विंडोजचे सॉफ्टवेअर आहे. त्याच्या जुन्या फॉन्टांत टंकलिखित केलेला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या सामायिक अक्षर-संकेतांत, नसतो. फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरांच्या व चिन्हांच्या जागा साठवलेल्या असतात आणि फॉन्ट त्या जागांवर देवनागरीचे तुकडे चितारतो. त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर, मग तेथे लिनक्स असो की नवे विंडोज, इतिवृत्त उघडले तर अर्थहीन चिन्हांची रांग दिसते. तेव्हा विंडोज ७ चालू स्थितीत असतानाच दोन कामे उरकून घ्यावीत. पहिले, ज्या कागदपत्रांत यापुढे बदल होणार नाही त्यांची, म्हणजे संमत झालेली इतिवृत्ते, लेखापरीक्षणाचा पत्रव्यवहार इत्यादींची, पीडीएफ करून ठेवावी. अशा पीडीएफमध्ये मराठी शब्द शोधता येणार नाही, पण कागद जसाच्या तसा दिसेल व छापता येईल. दुसरे, नोटिशीचे किंवा ठरावाचे जे नमुने वारंवार वापरले जातात तेवढेच परिवर्तकाच्या (कन्व्हर्टरच्या) साहाय्याने युनिकोडमध्ये आणावेत आणि ओळ न् ओळ डोळ्यांखालून घालावी. जोडाक्षरे, रफार आणि ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ यांसारख्या शब्दांतला र हमखास बिघडतो. सदनिकांचे क्रमांक आणि रकमाही तपासाव्यात. सचिवाच्या सहीच्या कागदावर त्यांत चूक परवडत नाही.

नव्या मजकुरासाठी मिंटमध्ये कळफलकाच्या मांडणीत ‘मराठी’ जोडले की इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांसाठीची प्रमाण मांडणी लगेच मिळते. त्यात ळ शिफ्टसह एनच्या आणि ऱ शिफ्टसह जेच्या कळीवर आहे. पण आधी वडिलांना विचारा, की ते श्रीलिपीत कोणत्या मांडणीने टंकलेखन करतात. त्यांच्या पिढीतले बरेच जण टंकलेखन यंत्रावर शिकलेले असल्याने त्यांची बोटे टंकलेखन यंत्राच्या रेमिंग्टन मांडणीला सरावलेली असतात, आणि अशा माणसाला वयाच्या या टप्प्यावर इनस्क्रिप्ट शिका म्हणणे मला तरी योग्य वाटत नाही. आयबस ही निवेश-पद्धती (वेगवेगळ्या भाषांत टंकलेखनाची सोय) व तिचा एम१७एन संच बसवल्यास इनस्क्रिप्टखेरीज फोनेटिक, गमभन आणि रेमिंग्टन याही मांडण्या उपलब्ध होतात. पेन ड्राइव्हवरच्या चाचणीतच ही मांडणी लावून त्यांना एक संपूर्ण नोटीस टंकलिखित करू द्या. त्यांचा हात बसला तर पुढे जा. नाही बसला, तर तो डेस्कटॉप इंटरनेटपासून तोडून श्रीलिपीपुरता तसाच ठेवणेही गैर नाही.

लिबरऑफिस रायटर हा मजकूर लिहिण्याचा प्रोग्राम शिकण्यासाठी पवईच्या आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठीतील पाठ विनामूल्य आहेत. सावकाश बोललेले, थांबवत थांबवत पाहता येतील असे.

जमाखर्च:

फक्त लॅपटॉपबद्दल लिहितो. टॅली विंडोजसाठी बनलेले आहे. वाइनच्या (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) साहाय्याने ते लिनक्सवर चालवण्याचे प्रयत्न होतात, पण महिन्याच्या २० तारखेला जीएसटीआर-३बी हा जीएसटीचा मासिक विवरणपत्र-अर्ज भरायचा असताना दुसऱ्यांचे हिशेब त्या भरवशावर ठेवू नयेत. ग्राहकांसाठी विंडोज १० च्या वाढीव सुरक्षा-अद्यतनांची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, ती घ्यावी, आणि मिंट शेजारी बसवून दोन्ही प्रणाली ठेवाव्यात. बँक व इंटरनेटची कामे मिंटमध्ये, टॅली विंडोजमध्ये.

त्यापूर्वी बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, आणि विंडोजमधील फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू होण्याची सोय) बंद करा. नाहीतर डिस्कवरचे विंडोजचे विभाजन (पार्टिशन) अर्धवट झोपलेल्या स्थितीत राहते आणि मिंटला त्यावर लिहिता येत नाही. दोन्ही प्रणाली आलटून पालटून वापरताना विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे गेलेले दिसू शकते. लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक प्रमाणवेळ ठेवते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते, इतकाच तो घोळ आहे. मिंटला स्थानिक वेळ पाळायला सांगितले की मिटतो. टॅलीतल्या नोंदींच्या तारखांकडे मात्र तोवर लक्ष ठेवावे.

परळकर:

सर्वांचे आभार. वडील रेमिंग्टनवालेच निघाले. चाचणीत त्यांनी वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण केली. कुरकुर केली ती फक्त अक्षरांच्या जाडीबद्दल. एसएसडी घेण्याचे ठरवले आहे, लॅपटॉपवर टॅलीमुळे विंडोज राहील. एकच अडचण उरली: डेस्कटॉपला लावलेला यूएसबी वायफाय डोंगल मिंटने ओळखला नाही, आणि ड्रायव्हर उतरवायचा तर इंटरनेटच नाही.

घाटकोपर_पश्चिम:

अँड्रॉइड फोन केबलने डेस्कटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. मिंट त्याला तारेचे नेटवर्क समजून लगेच जोडून घेते. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडून पाहा. तिथे काही दिसले नाही तर डोंगलवरच्या चिपचे नाव इथे लिहा. प्रणाली कायमची बसवल्यावर टाइमशिफ्ट या मिंटमधल्या प्रोग्राममध्ये पहिला स्नॅपशॉट (प्रणालीची त्या क्षणाची प्रत) घेऊन मगच ड्रायव्हरला हात लावा. त्यात फक्त प्रणालीच्या फायली जपल्या जातात, तेव्हा सोसायटीच्या कागदपत्रांची प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवा.