अनुभव धागा : बोर्डाची शाळा ते वाडीचे सभागृह

दापोली तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या आमच्या वाडीतील प्राथमिक शाळा पटसंख्या घसरत जाऊन बंद झाली आणि ग्रामसभेच्या ठरावानंतर बराच पत्रव्यवहार होऊन ती इमारत वाडीच्या सभागृहासाठी मिळाली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याआधीचे मात्र कोठेच लिहिलेले नाही. आता दारावर फलक लावायचा असून त्यावर ‘स्थापना १८६५’ असे घालावे, अशी सूचना आली आहे, कारण छपरावरून उतरवलेल्या कौलांवर तो आकडा सापडला. मला तो पटत नाही. जे येथे शिकले, ज्यांनी शिकवले किंवा ज्यांच्या घरात या इमारतीविषयी काही बोलले गेले, त्यांनी ते येथे लिहावे. गहिवर अवश्य यावा, परंतु भिंत कोणी बांधली, छप्पर केव्हा बदलले आणि पैसा कोठून आला, हे आधी यावे.

गवंडीकाम करणारा, शेजारची वाडी

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात अर्धे छप्पर उडाले आणि उरलेली कौले मी स्वतः उतरवली. १८६५ हे मंगळूरच्या बासेल मिशनचा कौलांचा कारखाना सुरू झाल्याचे वर्ष आहे. ते साच्यातच कोरलेले असल्यामुळे कौल पुढे कोणत्याही वर्षी भाजले तरी आकडा तोच उमटे. माझ्या मामाच्या गोठ्यावरही १८६५ आहे आणि तो गोठा एका पडक्या घराची कौले आणून माझ्या देखत उभा राहिला. वय शोधायचे असेल तर भिंती पाहाव्यात. पुढच्या मोठ्या खोलीचे जांभ्याचे चिरे चुन्यात बसवलेले आहेत, मागच्या खोलीचे मातीत. पुढे सागवानी वासे आहेत, मागे माडाचे. दोन्ही खोल्या एका वेळच्या नाहीत, हे मी छातीठोकपणे सांगतो.

मुंबईकर, मूळ वाडीतलाच

वर गवंडीदादांनी लिहिले ते बरोबर आहे. मागची खोली मुंबईतील आमच्या ग्रामस्थ मंडळाच्या वर्गणीतून झाली. वडील गिरणीत होते. पगाराच्या दिवशी खोलीवर वही फिरे आणि नावापुढे दोन रुपये, पाच रुपये असे मांडले जाई. ती वही माझ्याकडे आहे. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतरची पाने कोरी आहेत. शेवटची नोंद ‘खिडक्यांचे गज, निम्मी रक्कम दिली’ अशी आहे. उरलेली निम्मी गेली नाही, म्हणून मागच्या खिडक्यांना कित्येक वर्षे नारळाच्या झावळ्यांचे झापच होते. लहानपणी सुटीत गावी आल्यावर मला वाटे की शाळेच्या खिडक्या अशाच असतात.

निवृत्त शिक्षिका

माझ्या वेळी दोन खोल्या, दोन शिक्षक आणि चार इयत्ता होत्या. १९६२ मध्ये शाळा लोकल बोर्डाकडून जिल्हा परिषदेकडे गेली, तरी म्हातारी माणसे शेवटपर्यंत ‘बोर्डाची शाळा’च म्हणत. दुरुस्तीची मंजुरी बहुधा पाऊस सरल्यावर हाती येई, त्यामुळे दर वैशाखात पालकच शिडी लावून कौले परतत आणि आम्ही सर्वांसाठी चहा ठेवत असू. सभागृह आत्ता झाले असे म्हणतात, ते मला तितकेसे मान्य नाही. लग्नाचा जानवसा, मतदान, नमनाच्या तालमी, सारे तेव्हाही येथेच होई आणि सोमवारी सकाळी मुलांना आधी विड्यांची थोटके गोळा करावी लागत.

बौद्धवाडीतून

माझे आजोबा याच शाळेत शिकले, परंतु आत बसून नव्हे. ते पडवीत बसत आणि फळा खिडकीतून पाहत. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा आणि शाळा सर्वांना खुल्या असाव्यात, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला; आमच्याकडे उंबरा ओलांडायला त्यानंतरही वेळ लागला. खिडकीची खालची कड बाहेरून उंच आहे. आजोबा सांगत की तिसरीपर्यंत त्यांना फळ्याचा वरचा अर्धाच भाग दिसे, म्हणून खालची ओळ आतला एक मुलगा हळूच वाचून दाखवी. पडवीचा कट्टा मोडून तेथे उतरण करायची आहे असे ऐकतो. माझी हरकत नाही. फलकावर मात्र पडवीचा उल्लेख यावा.

सात-बारासाठी खेपा घातलेला एक जण

जागा खोतांनी तोंडी दिली होती. १९४९ च्या कायद्याने खोती संपली, पण उताऱ्यावर वारसांची नावे वाढतच राहिली आणि संमतीसाठी आम्ही पुण्यापासून बडोद्यापर्यंत माणसे शोधली. जाता जाता एक : शाळेचे जनरल रजिस्टर आता केंद्रशाळेत आहे. जन्मतारखेचा किंवा जातीचा दाखला हवा असेल, तर सभागृहात विचारू नये.

धागाकर्ता

फलकावरून १८६५ काढले आहे. तूर्त तेथे कोणतेच वर्ष नसेल.

बचत गटातील सदस्य

आमची बैठक मोठ्या खोलीत होते. फळा म्हणजे भिंतीवर सिमेंट करून दिलेला काळा रंग; त्यावर आम्ही कोणाचा हप्ता आला ते लिहितो. पत्रे घातल्यापासून आषाढात बोललेले काही ऐकू येत नाही, त्यामुळे पावसाळ्यात सगळा व्यवहार लिहूनच चालतो.

माजी विद्यार्थी, आता रत्नागिरीत नोकरी

कोणी नकाशाचा उल्लेख केला नाही. मागच्या खोलीत गुरुजींनी तैलरंगात काढलेला रत्नागिरी जिल्हा आहे आणि त्यात सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण सारे एकाच हिरव्या रंगात आहे, म्हणजे तो १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा होण्याच्या आधीचा. रंगकाम करताना तेवढा भाग सोडावा म्हणून मी भांडलो आणि तो सोडला गेला. सध्या त्याच्यासमोर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची चळत असते. पाहायचा असल्यास सकाळी जावे. किल्ली समोरच्या दुकानात मिळते.