सीएस२ (काउंटर-स्ट्राइक २ हा व्हिडिओ गेम) च्या मेजरवर, म्हणजे सर्वात मोठ्या स्पर्धेवर, पैसे लावताना भाव कसा वाचायचा? (यूकेत राहतो, जाणकारांनी मदत करावी)

लीड्सचा_लंबू
नमस्कार मंडळी. दोन वर्षांपासून इथे नोकरीला आहे. काउंटर-स्ट्राइक शाळेपासून खेळतोय, त्यामुळे वाटलं होतं की आपल्याला टीम कळतात. मागच्या मोठ्या स्पर्धेच्या काळात प्रत्येकी ५ पौंडांच्या १७ पैजा लावल्या. १३ जिंकलो, ४ हरलो, आणि हिशेब केला तर पावणेसहा पौंड खिशातून गेलेले! बहुतेक भाव १.२२ च्या आसपास होते (जिंकलं तर १ पौंडाचे १.२२ परत). १७ पैकी १३ बरोबर सांगूनही माणूस तोट्यात जातो, तर माझं नक्की काय चुकतंय?
साइट परवानाधारक आहे, डेबिट कार्ड वापरतो (क्रेडिट कार्डावर इथे २०२० पासून बंदीच आहे). महिन्याला ४० पौंडांच्या वर जायचं नाही असं ठरवलंय. जूनमध्ये कोलोनला मेजर आहे, त्याआधी काहीतरी शिकायचंय. 'सोडून दे' हा सल्ला बायकोने आधीच दिलेला आहे, तो वगळून बोला.

वजाबाकी
तुम्ही कोण जिंकणार ते ओळखलंत. पण पैज त्यावर नसते, भावावर असते.
१ ला भावाने भागा. १.२२ म्हणजे सुमारे ८२ टक्के. म्हणजे १०० पैकी ८२ वेळा बरोबर आलात तर कुठे मुद्दल परत. तुम्ही १७ पैकी १३, म्हणजे ७६ टक्क्यांवर आहात. तोटा तिथेच आहे, शोधायला लांब जायला नको.
आता दुसरी बाजू. समजा एका सामन्यात भाव १.६० आणि २.३० आहेत. ६२.५ आणि ४३.५, बेरीज १०६. शंभराच्या वरचे सहा ही बुकीची कटाई. ती काढून टाकली की खरं मत उरतं ते ५९ विरुद्ध ४१. स्वतःचा आकडा भाव बघण्याआधी वहीत लिहा. तुमच्या मते आवडती टीम ६५ टक्के असेल तर १.६० ला अर्थ आहे. ६० वाटत असेल तर चहा प्या आणि सामना बघा.
आणि कृपा करून पाच सामने जोडून एक पैज लावू नका. प्रत्येकात ५ टक्के कटाई धरली तर पाच मिळून तुमच्या रुपयातले साधारण २३ पैसे सुरुवातीलाच गेले. जाहिरातीत नेमकं तेच का दाखवतात ते यावरून समजा.

इनफर्नोचा_केळेवाला
वजाबाकींना +१. मी नागपूरच्या कॅफेत तासाला वीस रुपये मोजून जुना काउंटर-स्ट्राइक १.६ खेळलेला माणूस आहे, तेव्हा टक्केवारी तुमची, मॅप (खेळातली मैदानं) माझे.
बघायचं ते व्हीटो, म्हणजे सामन्याआधी मॅप काढण्या-निवडण्याची फेरी. सात मॅप असतात. तीन मॅपच्या सामन्यात दोघे एकेक काढतात, एकेक निवडतात, पुन्हा एकेक काढतात, उरतो तो निकालाचा. जवळजवळ प्रत्येक टीमचा एक मॅप कायमचा वर्ज्य असतो. तो कोणता हे माहीत असेल तर पहिल्या दोन चाली तुम्हाला घरबसल्या कळतात. मग आकडे टीमचे नका बघू, त्या मॅपवरचे बघा, तेही गेल्या तीन महिन्यांतले आणि याच पाच खेळाडूंचे. एक जण बदलला की जुनी टक्केवारी रद्दी. बदली खेळाडू घेऊन आलेल्या टीमचा भाव कधी कधी उशिरा हलतो. माझं जे काही थोडंफार जमलंय ते तिथेच.
दुसरं, सामना किती मॅपचा आहे? मॅपमागे ६० टक्के वरचढ असलेली टीम एका मॅपच्या सामन्यात ६० टक्केच, तीनात ६५, पाचात ६८. कोपनहेगनच्या मेजरला (२०२४) स्विस फेरीत (सारखे जय-पराजय असलेल्या टीम एकमेकांशी खेळतात) सुरुवातीचे सामने एकेका मॅपचे होते आणि पुढे जाण्याचे किंवा घरी जाण्याचे तेवढे तीनांचे. तुमचे १.२२ चे किती एका मॅपवरचे होते ते बघा बरं. त्यात सीएस२ मध्ये १३ राउंड जिंकले की मॅप संपतो, पूर्वी १६ लागायचे. मॅप आखूड झाला, पण पिस्तुलाचे राउंड (प्रत्येक अर्ध्याचा पहिला, फक्त पिस्तुलांवरचा) दोनच राहिले, त्यामुळे दुबळ्या टीमला चान्स जास्त.
अवांतर: त्याच कोपनहेगनला नावी ही टीम जिंकली, तीही सिंपल हा तिचा सर्वात नावाजलेला खेळाडू संघात नसताना. आणि ऑस्टिनच्या मेजरला (२०२५) मंगोल्झ ही मंगोलियाची टीम फायनलपर्यंत गेली, व्हिटॅलिटीकडून २-१ ने हरली. नावावरून भाव लावणारे दोन्हीकडे तोंडघशी.

सदाशिवपेठी_शंका
हे सगळं वाचून इथल्या पोरांनी ॲप शोधायला लागू नये म्हणून लिहितो. धागाकर्ते यूकेत आहेत. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. त्यात ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता आहे, पण पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा, आणि बँकांनी असे व्यवहार करायचे नाहीत. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा जुना वाद तिथे चालत नाही.
माझ्या मावसभावाने व्हीपीएन लावून परदेशी साइटवर बावीस हजार जिंकले. काढायला गेला तर आधी पासपोर्ट, मग वीजबिल, मग 'पडताळणी शुल्क'. शुल्क भरलं, खातं बंद. तक्रार कुठे करणार? पोलिसांना सांगायचं म्हणजे आधी आपण काय करत होतो ते सांगायचं.

लीड्सचा_लंबू
केळेवाले, आत्ता मोजलं. हरलेल्या चारपैकी तीन एका मॅपचे होते 🙂 चौथ्याचं तर सांगायलाच नको, रात्री अडीचला कुठल्या तरी ऑनलाइन पात्रता फेरीत लावले होते, दोन्ही टीमची नावं तेव्हा पहिल्यांदाच वाचली.

३२२_काका
रात्री अडीचच्या पात्रता फेरीवरून आमच्या आयडीचा इतिहास सांगतो. २०१३ मध्ये डोटा २ या दुसऱ्या गेमच्या एका खेळाडूने स्वतःच्याच टीमविरुद्ध पैज लावली, मिळाले ३२२ डॉलर. तेव्हापासून कोणी विचित्र हरलं की चॅटमध्ये ३२२ चा पाऊस. सीएस मध्ये आयबायपॉवर या टीमने २०१४ ला सामना मुद्दाम सोडला, आणि जानेवारी २०१५ मध्ये गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्हने त्यात गुंतलेल्यांवर बंदी घातली. आपल्याकडचं बघायचं तर २०१८ ला शांघायमध्ये ऑप्टिक इंडियाचा एक जण भर सामन्यात चीट वापरताना सापडला. प्रोग्रामचं नाव वर्ड ठेवलं होतं, जणू निबंध लिहितोय.
जिथे बक्षिसाची रक्कम किरकोळ, खेळाडूंचे पगार थकलेले आणि प्रेक्षक दोनशे, तिथे पैजेचा पैसा बक्षिसापेक्षा मोठा होतो. अशा सामन्यात तुमचा व्हीटोचा अभ्यास काय कामाचा? मोठ्या हॉलमधल्या स्पर्धाच घ्या. आणि चालू सामन्यात लावू नका. तुमचं प्रक्षेपण मागे असतं, भाव हलवणाऱ्याकडे माहिती आधी आलेली असते. तुम्हाला बॉम्ब लागताना दिसतो तेव्हा त्याच्याकडे तो फुटलेला असतो.

वजाबाकी
एक राहिलं, रक्कम. ४० पौंड महिन्याला म्हणता, मग एका पैजेला ५ फार झाले. आठ हरलात की महिना संपला, आणि लागोपाठ नाही तरी आठ हरणं सहज होतं. एकेक पौंड ठेवा आणि ती हरल्यावर वाढवू नका. वहीत आणखी एक रकाना करा: सामना सुरू होताना शेवटचा भाव काय होता. तुम्ही २.१० ला घेतलं आणि शेवटी १.८५ झाला, तर हरलात तरी तुमचं वाचन बरं होतं. उलटं सतत होत असेल तर जिंकत असलात तरी ते नशीब. शंभर-दीडशे नोंदी झाल्याशिवाय स्वतःबद्दल मत बनवू नका.
आणि खरंच जिंकायला लागलात तर आनंद फार टिकत नाही. साइट तुमची मर्यादा दोन पौंडांवर आणून ठेवते. माझी एका ठिकाणी आहे.

उंबरठा
लीड्सचे लंबू, रात्री अडीचचं वाक्य मला जरा खटकलं. आमच्या घरात हे होऊन गेलंय, म्हणून विचारते. तुमच्या साइटवर महिन्याची जमा-मर्यादा घातली आहे का, की ती फक्त डोक्यात आहे? सेटिंगमध्ये असते, दोन मिनिटांचं काम. हाताबाहेर जातंय असं वाटलं तर गॅमस्टॉप आहे, सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं, ब्रिटनमधल्या सगळ्या परवानाधारक ऑनलाइन साइट एकदम बंद होतात. मुदत संपेपर्यंत उघडता येत नाही, हेच तिचं चांगलं आहे.

लीड्सचा_लंबू
डोक्यातच होती. आत्ता घातली, ४० वर. अडीचचं म्हणणं मान्य.
कोलोनपर्यंत एकही पौंड न लावता फक्त वही भरतो: माझा आकडा, उघडताना भाव, शेवटचा भाव, किती मॅपचा सामना. केळेवाले, वर्ज्य मॅपची यादी तुम्ही ठेवता का कुठे, की मीच बसून काढू?

इनफर्नोचा_केळेवाला
माझी जुनी आहे, दोन टीममधले खेळाडू बदललेत. तुम्हीच काढा, आठ टीमची काढलीत की इथे टाका, चुका मी काढतो.