पायपेटी, पाइप ऑर्गन आणि ‘जोडणी’

प्रश्न: कोल्हापुरात राजारामपुरीत कॉम्प्युटर करायला टाकला. “पाइप ऑर्गन वाजवायचाय त्यावर,” म्हटलं, तर दुकानातला पोरगा म्हणाला, “पायपेटी? ती हो कशी बसवायची यात?” हसलो खरा, पण मराठीत ऑर्गन म्हणजे संगीत नाटकातला, पायाने भाता मारायचा आणि आत पितळी पत्त्यांचा. चर्चमधल्या नळ्यांच्या धुडाला काय म्हणायचं? आणि कॉम्प्युटर जोडायचा, जुळवायचा की असेंबल करायचा?

पेटीवाला: पोरगं अगदीच चुकलं नाही. पायपेटीत पाय हवा भरतात, सूर हात काढतात. पाइप ऑर्गनमध्ये हवेची सोय वेगळी असते, पूर्वी भाते चालवायला माणसं ठेवत. पाय मात्र खालच्या लांब लाकडी पट्ट्यांवर चक्क सूर वाजवतात. ‘पाइप ऑर्गन’च म्हणा. ‘नळ्यांचा’ म्हणाल तर कोल्हापुरात आधी मटणातली नळी आठवेल.

त्यातल्या ‘स्टॉप’ची गंमत बघा. नाव स्टॉप, पण खुंटी ओढली की त्या रांगेतल्या नळ्या बोलायला लागतात. १६ फुटी, ८ फुटी, ४ फुटी अशा त्या रांगा. आकडा जेवढा मोठा तेवढा सूर खाली. पेटीतल्या पत्त्यांना आपण खालच्या सुरापासून वर खर्ज, नर, मादी म्हणतो, तीच उतरंड. माझ्या मते यापेक्षा नेमके शब्द नवे घडवून मिळायचे नाहीत.

मूळ प्रश्नकर्ता: खर्ज-नर-मादी घेतले! दुकानदार “ग्राफिक कार्ड चांगलं टाकूया भावा,” म्हणून मागे लागला होता. म्हटलं, ते पैसे रॅममध्ये घाला. ग्रँडऑर्गसारखं सॉफ्टवेअर एकेका नळीचं रेकॉर्डिंग रॅममध्ये भरून ठेवतं. मोठ्या ऑर्गनला ३२ जीबीसुद्धा कमी पडते. साउंड कार्डही बरं लागतं, नाहीतर पट्टी आत्ता दाबायची आणि सूर मागनं येणार.

जुना कंपोझिटर: जुळवायचे ते छापखान्यातले खिळे, नाहीतर पत्रिका. कॉम्प्युटर जोडतात. फक्त ‘जोडण्या’ असं अनेकवचन करू नका. इलेक्शनच्या तोंडावर कोल्हापुरात “जोडण्या चालल्यात” म्हटलं, तर लोक विचारतील, कुठल्या गटाच्या?

मूळ प्रश्नकर्ता: जोडणी ठरली. मिडी कीबोर्डचं, म्हणजे कॉम्प्युटरला जोडून वाजवायच्या पट्ट्यांचं, नाव घरातच पक्कं झालंय. खोकं उघडताना आई म्हणाली, “आणि एक पेटी आणलास?”