बीएस्सीनंतर पत्रकारितेला जावं का? नुसतं चौकस असणं पुरतं का?

माणदेशी_पोरगा:
नमस्कार मंडळी, एसवाय बीएस्सीला आहे, गाव माण तालुक्यात. चौथी-पाचवीत असताना उन्हाळ्यात गावाला टँकर यायचा, विहिरीत पाणी सोडायचा आणि मी पारावर बसून वहीच्या मागच्या पानावर खेपांच्या रेघा मारायचो, चार उभ्या झाल्या की एक आडवी. आईला वाटायचं पोरगं अभ्यास करतंय 😄 एकदा ड्रायव्हरकाकांच्या वहीत डोकावलो तर दिवसाला तीन खेपा, माझ्याकडे दोनच. विचारलं तर म्हणाले, "तू साळंत असतो तवा येती की." मे महिना होता हो, साळा कुठली! घरी येऊन सांगितलं तर अण्णा म्हणाले गप बस, पाणी येतंय ते बंद पाडशील. ते डोक्यातून कधी गेलंच नाही. आता अण्णा म्हणतात एमपीएससी दे.

जुना_बातमीदार:
रेघा होत्या, पण तारीख, वेळ, गाडीचा नंबर होता का? नसेल तर डेस्कवरचा उपसंपादक पहिल्या मिनिटात बातमी परत पाठवतो. आणि तिसरी खेप एखाद्या वाडी-वस्तीवर जात असेल, ते विचारलंस का? मी पण सुरुवातीला असाच उड्या मारायचो, एकदा तोंडघशी पडलो. आता असा संशय आला तर माहिती अधिकाराचा अर्ज टाक, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, नियमाने 30 दिवसांत उत्तर यायला पाहिजे, टँकरच्या खेपांची नोंद असते त्या लॉगबुकची प्रत माग. बाकी पैशाचं म्हणशील तर अण्णा अगदीच चुकीचे नाहीत, तालुक्याच्या वार्ताहराला मानधन म्हणजे पेट्रोलचा खर्च, वर दिवाळी आली की जाहिराती आणा.

रानडेवाली:
दादा घाबरवू नका त्याला 🙏 बीएस्सी सोडू नकोस फक्त. पुण्यात रानडेला (रानडे इन्स्टिट्यूट, विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग) ग्रॅज्युएशन कुठल्याही शाखेचं चालतं, एंट्रन्स द्यावी लागते. आमच्या बॅचला निम्मे आर्ट्सवाले होते, भूजल पातळीचा तक्ता समोर आला की सगळे माझ्याकडे बघायचे. आणि 1832 ला दर्पण काढणारे बाळशास्त्री जांभेकर, ज्यांच्यामुळे आपण 6 जानेवारीला पत्रकार दिन करतो, ते स्वतः गणित शिकवायचे. सायन्सवाला म्हणून कमीपणा वाटून घेऊ नकोस.

सहज_सुचलं:
एमपीएससीचा फॉर्म पण भरून ठेव बाबा, फॉर्म भरायला काय जातंय

माणदेशी_पोरगा:
सगळ्यांना थँक्स. वाडीचं खरंच कधी विचारलं नव्हतं. काल रात्री वाडीवरच्या मामीला फोन केला, ती म्हणाली आमच्याकडं टँकर नंतर सुरू झाला, आधी आम्हीच बैलगाडीवर पिंप घालून तुमच्या विहिरीवर यायचो. नंतर म्हणजे कधी? तर म्हणे, "तुझ्या दादाचं लगीन झालं त्याच्या आगंमागं." दादाची पत्रिका शोधतोय. वही सापडली, पण आईने त्याच पानावर दुधाचा हिशोब लिहिलाय, रेघा कुठल्या आणि लिटर कुठले काही कळेना.