मदत हवी आहे: ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटर करताना भाची अडते

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याला, दांडिया बाजारात राहतो. भाची सातवीत, शाळा गुजराती माध्यमाची. संध्याकाळचं गणित माझ्याकडे. अंतर, वेग, वेळ यांचं सूत्र तिला तोंडपाठ आहे, पण एककं बदलली की अडते.

कालचं गणित: २४० मीटर लांबीची गाडी ताशी ७२ किमी वेगाने ३६० मीटरचा फलाट किती वेळात ओलांडेल? तिने ३६० ला ७२ ने भागलं, ५ आले, पुढे 'सेकंद' लिहून मोकळी. गाडीची लांबी का मिळवायची ते कंपासपेटी पाटाच्या कडेने सरकवून दाखवलं; पेटीचं मागचं टोक पाट सोडेपर्यंत मोजायचं, हे लगेच पटलं. पण मीटरला ताशी किलोमीटरने भागून सेकंद येत नाहीत, हे काही केल्या गळी उतरत नाही. ५/१८ सांगितलं तर कधी १८/५ ने गुणते. नुसतं पाठांतर मला नकोय.

शिवाय बडोदा ते अहमदाबाद रेल्वेने साधारण १०० किमी, वेळ १ तास ४० मिनिटं धरली, तर तिने १०० ला १.४० ने भागलं! वेग ७१ च्या वर गेला. तुम्ही मुलांना हे कसं शिकवलंत?

प्रतिसाद
ताई, ५/१८ सध्या बाजूला ठेवा. ताशी ७२ किमी म्हणजे तासाला ७२००० मीटर. तासाचे सेकंद ३६००. भागा, सेकंदाला २० मीटर. रोज दोन-तीन गणितं अशीच लांबून करू द्या. १०००/३६०० ला संक्षेप दिला की ५/१८ उरतात, हे तिचं तिलाच सापडेल. ताशी ३६ किमी म्हणजे सेकंदाला १० मीटर, एवढं मात्र लक्षात असू द्या. सेकंदाचा आकडा ताशीपेक्षा मोठा आला तर अपूर्णांक उलटा लागलाय.
आणि तास-मिनिटांत टिंब द्यायचंच नाही. १ तास ४० मिनिटं म्हणजे १०० मिनिटं. मिनिटाला १ किमी, तासाला ६०.

धागाकर्ती
मनापासून आभार! आज ६०० मीटर, सेकंदाला २० मीटर, ३० सेकंद असं नीट एककं लिहून सोडवलं. मग ताशी ४० किमीची स्कूटर १५ मिनिटांत किती जाईल विचारलं, तर ४० गुणिले १५ करून ६०० लिहिले. पण खोडरबर तिनेच उचललं. म्हणाली, "मावशी, एवढ्या वेळात तर आपण अलकापुरीपर्यंतच पोचतो."